थर्मोस्टॅट खरंच बिघडलाय का?

खोली लवकर तापावी म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे खोलीचं तापमान पाहून हीटर चालू-बंद करणारी भिंतीवरची डबी, एकदम ३० वर नेणारे पुष्कळ असतात. पण साध्या थर्मोस्टॅटला ‘चालू’ आणि ‘बंद’ एवढंच कळतं. २२ वर ठेवा नाहीतर ३० वर, हीटर तेवढ्याच जोराने चालतो. खोली लगेच तापत नाही, खापर थर्मोस्टॅटवर फुटतं आणि धडधाकट यंत्र भिंतीवरून उतरतं. मला हे फार खटकतं, कारण त्या डबीत दडलेली युक्ती विलक्षण सुंदर आहे.

जुन्या थर्मोस्टॅटचं झाकण काढलं (आधी वीज बंद करून!) की घड्याळाच्या स्प्रिंगसारखी वेटोळी पट्टी दिसते. ती दोन धातूंची असते. एक बाजू पितळेची, दुसरी इन्व्हार या लोखंड-निकेलच्या मिश्रधातूची. इन्व्हार तापल्यावर जवळजवळ वाढतच नाही. तो शोधणाऱ्या गियोम यांना १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आता १० सेंटीमीटर लांब, अर्धा मिलिमीटर जाड पट्टी घ्या आणि १० अंशांनी तापवा. पितळ इन्व्हारपेक्षा जेमतेम ०.०१८ मिलिमीटर जास्त वाढेल. डोळ्यांना दिसणारही नाही. पण दोन्ही धातू एकमेकांना घट्ट चिकटलेले, त्यामुळे पितळेला वाढायला वाव एकच: पट्टी वाकवणं. एक टोक पक्कं धरलं असेल तर दुसरं सुमारे अडीच मिलिमीटर सरकतं, म्हणजे शंभरपटीहून जास्त! हे सरकणं लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. लांबी दुप्पट तर सरकणं चौपट. म्हणून लांब पट्टी गुंडाळून डबीत बसवतात.

ही पट्टी सहसा दगा देत नाही. झिजतो तो तिच्या टोकाचा संपर्कबिंदू, म्हणजे पट्टी सरकली की जिथे हीटरचं सर्किट जोडलं किंवा तोडलं जातं ती जागा. दर वेळी सर्किट तुटताना तिथे बारीक ठिणगी पडते, पृष्ठभागावर खड्डे पडतात, काजळी धरते. इलेक्ट्रॉनिक थर्मोस्टॅटमध्ये पट्टीच्या जागी थर्मिस्टर (तापमानाप्रमाणे विजेला होणारा विरोध बदलणारा छोटा भाग) असतो, पण हीटर जोडणाऱ्या रिलेला, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचला, बहुधा असेच संपर्कबिंदू असतात.

तेव्हा परीक्षा अशी करा. शेजारी दुसरा थर्मामीटर पंधरा-वीस मिनिटं ठेवा. फरक रोज तेवढाच, समजा दीड अंश, निघाला तर ती चूक ठरलेली आहे. आकडा तेवढा सरकवून काम भागतं. नंतर हीटर कुठल्या तापमानाला सुरू होतो आणि कुठल्या तापमानाला थांबतो, हे चार-पाच वेळा लिहून ठेवा. या दोन्हींत अंश-दीड अंशाचं अंतर मुद्दाम ठेवलेलं असतं. ते नसतं तर हीटर सारखा चालू-बंद होत राहिला असता. पण आज एक अंश, उद्या चार, परवा ‘टक’ आवाज येऊनही हीटर ढिम्म, असं होत असेल तर बॅटरी, धूळ आणि सैल तारा तपासा. त्या ठीक असतील तर थर्मोस्टॅट बदला. ऊन पडणाऱ्या किंवा हवेच्या झोताच्या भिंतीवर मात्र नवाही फसेल.

वायफायचा घेतला की बिल आपोआप निम्मं होतं, यावर विश्वास ठेवू नका. रिकाम्या घरात हीटर चालू राहत असेल तरच त्याने खरी बचत होईल.

जुन्यात पाऱ्याची काचकुपी असेल तर ती फुटू देऊ नका. तो थर्मोस्टॅट अख्खाच घातक कचऱ्यात वेगळा द्यायचा.