आबा गेले, पण वास घरातच आहे

बेळगावकडच्या खानापूर-निपाणी पट्ट्यात असो नाहीतर तिकडं अथणीकडं, घरात कुणी गेलं की जिथं प्राण गेला त्या जागी दिवा लावतात, पीठ पसरून त्यावर पाटी पालथी घालतात आणि दहा दिवस ती जागा जपतात. घरात कुत्रं असेल तर ते नेमकं तिथंच येऊन बसतं. मधूनच उठतं, कोपरा हुंगतं, दाराकडं तोंड करून कण्हतं. मग कुणीतरी हळूच म्हणतं, "त्याला दिसतंय." आत्मा घुटमळतोय, माणसाला दिसत नाही पण मुक्या जनावराला दिसतो, हा समज इतका पक्का आहे की शिकलेली माणसंही माना डोलावतात.

कुत्र्याला काहीतरी कळतंय हे अगदी खरं. पण ते डोळ्यांना नव्हे, नाकाला. आणि त्या नाकात जे घडतं तेच इतकं विलक्षण आहे, की त्याला आत्म्याची जोड द्यायची गरज पडत नाही.

आजारी माणूस शेवटचे आठ-पंधरा दिवस एकाच जागी पडून असतो. त्याच्या कातडीचे सूक्ष्म कण दर मिनिटाला हजारोंनी झडत असतात. त्या कणांवर घाम असतो, त्वचेचं तेल असतं आणि त्यावर जगणारे जिवाणू असतात. हे जिवाणू घामातले पदार्थ फोडून हवेत उडणारी आम्लं तयार करतात. प्रत्येक माणसाचं हे मिश्रण वेगळं. चेक पोलिसांच्या तयार कुत्र्यांनी एकाच घरात राहणाऱ्या, एकच जेवण जेवणाऱ्या एकसारख्या जुळ्यांचेही वास वेगळे ओळखून दाखवलेत. फरशी फिनेलनं पुसली तरी गादीच्या कापसात, घोंगड्याच्या लोकरीत, सारवलेल्या भुईत हा वास मुरलेला राहतो. लोकर तर अंगाचा वास विशेष धरून ठेवते. धनगराच्या तळावर कुत्रं घोंगड्यावरून हलत नाही ते उबेसाठी असेलच, पण फक्त उबेसाठी नाही.

आता नाकाकडं येऊ. माणूस वास घेतो तेव्हा एक लांब श्वास ओढतो. कुत्रं सेकंदाला साधारण पाच वेळा हुंगतं. प्रत्येक वेळी हवा आत जाते, बाहेर येते, आणि तरीही समोरचा वास विस्कटत नाही. कारण त्याच्या नाकपुड्यांच्या बाजूला स्वल्पविरामासारख्या चिरा असतात. कुत्रं शांत बसलं असताना जवळून बघा, लगेच दिसतील. हवा आत जाते समोरच्या भोकातून, पण बाहेर पडते ती या चिरांतून, बाजूला आणि मागच्या दिशेला. उलट या मागं जाणाऱ्या झोतामुळं समोरची नवी हवा नाकाकडं ओढली जाते.

आत गेल्यावर हवेच्या दोन वाटा होतात. पेन्सिल्वेनियातल्या संशोधकांनी एका लॅब्राडोरच्या नाकाचा एमआरआय काढून संगणकावर त्याचं प्रारूप बनवलं आणि हवेचा प्रवाह मोजला, त्याचे निष्कर्ष २०१० साली छापून आले. आत घेतलेल्या हवेपैकी फक्त १२ ते १३ टक्के हवा वरच्या अरुंद वाटेनं थेट नाकाच्या मागच्या टोकाला जाते, बाकीची सरळ फुफ्फुसाकडं. मागच्या टोकाला एक बंद खोली आहे. श्वास बाहेर पडताना या खोलीतली हवा हलत नाही. म्हणजे कुत्रं श्वास सोडत असतानाही मघाचा वास त्याच्याकडं शिल्लक असतो. आपल्या नाकात अशी खोलीच नाही. आपण श्वास सोडला की वास गेला.

या खोलीत पातळ हाडांचे गुंडाळलेले पडदे आहेत, त्यांवर ओलसर अस्तर आणि अस्तरात वासाच्या पेशी. आपल्याकडं अशा पेशी ५०-६० लाख. कुत्र्याकडं जातीनुसार २० कोटींच्याही वर. पण नुसत्या संख्येपेक्षा मला जास्त महत्त्वाची वाटते ती वासांची वाटणी. पाण्यात सहज विरघळणारे रेणू अस्तराला पुढंच चिकटतात, कमी विरघळणारे मागंपर्यंत पोचतात. सुपात पाखडताना दाणा एकीकडं आणि भूस दुसरीकडं होतं ना, तसं एका हुंगण्यातल्या शेकडो वासांची जागेनुसार विभागणी होते. कुठल्या पेशी आधी पेटल्या, कुठल्या नंतर, यावरून मेंदूला मिश्रणातले घटक सुटे कळतात. म्हणून कुत्र्याला "आबांच्या खोलीचा वास" असा एकच वास येत नाही. तंबाखू वेगळी, औषधी तेल वेगळं, आणि त्याखाली आबा वेगळे.

इथून पेशींचे धागे चाळणीसारखी भोकं असलेल्या हाडातून मेंदूच्या पुढच्या फुगीर भागात शिरतात. २०२२ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी कुत्र्यांच्या मेंदूत या गंधकेंद्राकडून थेट मागं, दृष्टीच्या भागापर्यंत जाणारा धाग्यांचा जुडगा दाखवला. वास आणि जागा यांची सांगड कुत्र्याच्या मेंदूत किती घट्ट असेल याची यावरून कल्पना यावी.

वासावरून दिशाही कळते. बेलफास्टच्या प्रयोगात कुत्र्यांना माणूस कुठल्या दिशेनं गेला हे ठरवायला ओळीनं पाच पावलं पुरली. पहिल्या आणि पाचव्या पावलाच्या वासात जेमतेम काही सेकंदांचा फरक, तेवढ्यावर दिशा ठरते. आता अंत्ययात्रा डोळ्यांसमोर आणा. तिरडीवरून नेलेल्या माणसाचं पाऊल वाटेला लागतच नाही. वाटेवर खांदेकऱ्यांचे पाय, गुलाल, फुलं, उदबत्ती. कुत्र्याच्या हिशोबी आबा घराबाहेर चालत गेल्याचा पुरावाच नाही, आणि घरात मात्र जागोजाग ते आहेत. अशा वेळी ते दिव्यापाशी बसतं, दाराशी जातं, पुन्हा येऊन हुंगतं. ते भूत बघत नाही, शोध घेत असतं.

एखाद्या ठिकाणाचा वास घेणं वेगळं आणि तो वास हवाहवासा वाटणं वेगळं, असं कुणी म्हणेल. त्याचंही उत्तर मिळालेलं आहे. अमेरिकेत एमोरी विद्यापीठात ग्रेगरी बर्न्स यांनी कुत्र्यांना भूल न देता, एमआरआय यंत्रात स्वतःहून निश्चल पडून राहायला शिकवलं. मग १२ कुत्र्यांना पाच वास दिले: स्वतःचा, ओळखीच्या आणि अनोळखी कुत्र्याचा, ओळखीच्या आणि अनोळखी माणसाचा. मेंदूतला 'चांगलं काहीतरी मिळणार' अशा अपेक्षेचा भाग सगळ्यांत जास्त जागा झाला तो ओळखीच्या माणसाच्या वासाला. तो माणूस तेव्हा तिथं हजर नव्हता, नुसत्या कापडावर त्याच्या काखेतला घाम होता. जपानमधल्या २०१५ च्या प्रयोगानं दुसरी बाजू दाखवली: कुत्रं मालकाच्या डोळ्यांत बराच वेळ बघत राहिलं की मालकाच्या लघवीतलं ऑक्सिटोसिन वाढतं, म्हणजे आई-बाळाच्या नात्यातलं तेच संप्रेरक. माणसांत वाढलेल्या लांडग्यांच्या बाबतीत असं झालं नाही. कुत्रं भाकरीपुरतं असतं, हे म्हणणं आता टिकत नाही.

पण याचा दुसऱ्या टोकाचा बोभाटाही नको. जपानमधल्या हाचिको या कुत्र्यानं मालकाच्या विरहानं प्राण सोडला, असे संदेश दर महिन्याला फिरतात. त्याचे मालक प्राध्यापक उएनो मे १९२५ मध्ये वारले आणि हाचिको त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं शिबुया स्टेशनवर येत राहिला, हे खरं. तो ८ मार्च १९३५ ला गेला. जपून ठेवलेल्या त्याच्या अवयवांची तपासणी करून २०११ साली टोकियो विद्यापीठानं सांगितलं, की त्याला कर्करोग होता आणि हृदयात जंतही होते. तसंच रात्री कुत्रं रडलं की यमदूत आला, हेही. भाद्रपदात कुत्र्यांचा माजाचा काळ असतो, तेव्हा गल्लोगल्ली रात्रभर हेल निघतात. त्याच महिन्यात पितृपक्ष येतो, एवढाच काय तो संबंध.

आता घरात काय करावं. गेलेल्या माणसाचे कपडे आणि अंथरूण आपल्याकडं लगेच देऊन टाकतात किंवा धुतात. कुत्र्यासाठी एक न धुतलेलं धोतर, लुगडं किंवा टॉवेल त्याच्या झोपायच्या जागी ठेवा. पाहुण्यांना त्रास नको म्हणून त्याला गोठ्यात साखळीला बांधू नका. हुंगून खात्री करायची त्याची वाटच त्यामुळं बंद होते आणि मग रात्रभर भुंकणं सुरू होतं. जेवणाची आणि फिरण्याची वेळ तीच ठेवा, आणि ती दोन्ही कामं एकाच माणसानं अंगावर घ्यावीत.

सर्वांत मोठी चूक होते ती न खाण्याबाबत. "आबांच्या मागं त्यानं अन्न टाकलं" म्हणून लोक चार-चार दिवस बघत बसतात. त्या गडबडीत आठवडाभर त्याच्या अंगावरचे गोचीड कुणी काढलेले नसतात, आणि आपल्या भागात न खाण्याचं नेहमीचं कारण गोचीडताप आहे. दुःखात असलेलं कुत्रं थोडं तरी पाणी पितं, आवडीचा घास हुंगतं. मोठ्या कुत्र्यानं पूर्ण एक दिवस काहीच खाल्लं नाही तर ताप बघा. डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला खोबरेल लावून गुदद्वारात इंचभर सरकवा. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे कुत्र्याचं नेहमीचं तापमान, १०३.५ च्या वर गेलं तर त्याच दिवशी दवाखाना. ओठ वर करून हिरडी बोटानं दाबा, पांढरी झालेली जागा दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. हिरडी फिकट किंवा पिवळी, लघवी कॉफीच्या रंगाची, नाकातून रक्त, यांतलं काहीही दिसलं तर रक्ताची तपासणी तातडीनं हवी. २० किलोच्या कुत्र्याला दिवसाला एक लिटरभर पाणी लागतं. तापासाठी घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नका, यकृत आणि मूत्रपिंड त्यानं निकामी होतात. तेराव्याचं तळण नको, स्वादुपिंडाला सूज येते. शिऱ्यातले बेदाणे तर मुळीच नकोत. अथणी-विजापूर पट्ट्यात शेडमध्ये बेदाणे पसरलेले असतात, तिथं हे जास्त सांभाळावं लागतं.

उलटं होतं, कुत्रंच जातं, तेव्हा घरातल्या माणसांचं दुःख खरं असतं. "कुत्र्यासाठी कसलं रडतोस" असं मुलांना बोलू नये. शरीरातली तीच संप्रेरकं, तीच सवय तुटलेली असते. आजार बरा होणारच नसेल आणि डॉक्टरांनी इंजेक्शननं कायमचं शांत करण्याचा सल्ला दिला, तर काय होतं ते आधी माहीत असावं. पहिलं इंजेक्शन गुंगीचं, मग शिरेतून भुलीच्या औषधाचा जादा डोस. काही मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडे राहतात, नंतर एक-दोन उचक्यांसारखे श्वास येऊ शकतात, लघवी होते. या हालचाली मृत्यूनंतरच्या आहेत, तो कळवळत नसतो.

अशा औषधानं गेलेलं शरीर माळावर टाकू नये. ते खाऊन कावळे, घारी, दुसरी कुत्री मरतात. खड्डा किमान चार फूट, विहीर, बोअर आणि ओढ्यापासून लांब. खानापूरकडं जांभा लागतो म्हणून लोक दोन फुटांवर थांबतात आणि पहिल्या पावसात कोल्हे उकरतात. प्लॅस्टिकच्या पोत्यात घालू नका, शरीर कुजत नाही. सुती कापड पुरे. मरण्याआधी वागणं अचानक बदललं असेल, लाळ गळत असेल, गिळता येत नसेल, तर ते पिसाळलेलं (रेबीज झालेलं) असू शकतं; शरीराला उघड्या हातानं शिवू नका, आधी जनावरांच्या दवाखान्याला कळवा. त्याची लाळ जखमेला लागली किंवा तो चावला असेल तर साबणानं वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुऊन लगेच रेबीजची लस. चुना, मिरची, मंत्र यांत वेळ घालवणं जिवावर बेततं.

घरात दुसरं कुत्रं असेल तर त्यालाही फरक पडतो. इटलीत ४२६ जणांकडून माहिती घेतली, त्यांतल्या ८६ टक्के लोकांनी उरलेल्या कुत्र्याचं वागणं बदलल्याचं सांगितलं: माणसाला चिकटून राहणं वाढलं, खेळणं कमी झालं, जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याचं खाणं घटलं. दोघं किती वर्षं एकत्र होती यापेक्षा त्यांचं किती जमत होतं, यावर ते ठरत होतं. पुरण्याआधी त्याला हुंगू द्या, जबरदस्ती नको.

नवं पिल्लू आणायची घाई नको. भाद्रपदातल्या जुळणीची पिल्लं, ६३ दिवसांचा गर्भकाळ धरला, तर कार्तिक-मार्गशीर्षात जन्मतात. पिल्लू आठ आठवड्यांचं झाल्याशिवाय आईपासून तोडू नका, मग ते मुधोळचं असो की गल्लीतलं. आधीचं कुत्रं पार्व्होनं गेलं असेल तर जास्तच जपा. तो विषाणू मातीत कित्येक महिने, वर्षभरही टिकतो आणि फिनेलला दाद देत नाही. फरशी, भांडी आणि साखळी आधी साबणानं स्वच्छ धुवा, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी या मिश्रणात दहा मिनिटं भिजत ठेवा. अंगणातली माती अशी धुता येत नाही, म्हणून लशीचे सगळे डोस पूर्ण होईपर्यंत पिल्लाला तिथं सोडू नका.