गाडीत गन आहे हे पोलिसाला सांगायचं का? अमेरिकेतल्या या नियमामागची गोष्ट

अमेरिकेत पोलिसाने गाडी थांबवली आणि तुमच्याकडे लायसन्सवाली लपवलेली गन असेल तर स्वतःहून सांगायचं की नाही, याचं उत्तर स्टेटगणिक बदलतं. असं का, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

तिथे बंदुकीला मोकळीक असली तरी ती कपड्याखाली लपवून फिरणं हा बऱ्याच ठिकाणी गुन्हा होता, केंटकीने तर १८१३ मध्येच त्यावर बंदी घातली होती. चित्र पालटलं ते १९८७ पासून, फ्लोरिडाने कायदा केला की अटी पूर्ण करणाऱ्याला परमिट द्यायचंच, अधिकाऱ्याच्या मर्जीवर काही नाही. मग एकामागोमाग एक स्टेटं त्याच वाटेने गेली, टेक्सास १९९५ मध्ये, ओहायो २००४ मध्ये. आता रस्त्यावरच्या कुठल्याही साध्या माणसाच्या कमरेला कायदेशीर गन असू शकते म्हटल्यावर खिडकीशी उभ्या पोलिसाला ते कळायला हवं, म्हणून काही स्टेटांनी परमिटबरोबरच सांगायची सक्ती घातली. ओहायोत गाडी थांबली की लगेच सांगायचं, हात दिसतील असे ठेवायचे, आणि चुकलात तर १८० दिवसांपर्यंत जेल होऊ शकत होती. नुसतं सांगायला उशीर झाला म्हणून सहा महिने, मला हे फारच वाटतं.

पण सांगितलं म्हणजे जीव वाचला असंही नाही. ६ जुलै २०१६, मिनेसोटातलं फाल्कन हाइट्स. फिलँडो कॅस्टिल, सेंट पॉलच्या एका शाळेच्या किचनमध्ये काम करणारा काळा माणूस, त्याच्याकडे परमिट होतं. मिनेसोटात पोलिसाने विचारलं तरच सांगायचं असा नियम, तरी याने इन्शुरन्सचं कार्ड दिल्यावर शांतपणे, ‘सर’ म्हणून, माझ्याकडे गन आहे असं स्वतःहून सांगितलं. पोलीस म्हणाला काढू नकोस, हा म्हणाला काढत नाहीये, आणि पोलिसाने सात गोळ्या झाडल्या, मागच्या सीटवर चार वर्षांची मुलगी बसलेली असताना. जून २०१७ मध्ये तो पोलीस निर्दोष सुटला. हे वाचलं की अजून राग येतो, कारण माणसाने जे करायला हवं ते सगळं केलं होतं.

नंतरच्या काळात बऱ्याच स्टेटांनी परमिटची अटच काढून टाकली. ओहायोने १३ जून २०२२ पासून परमिटची अटही काढून टाकली आणि आपणहून सांगायची सक्तीही, आता पोलिसाने विचारलं तर मात्र खरं सांगावं लागतं. शेजारच्या मिशिगनमध्ये परमिट लागतंच आणि पोलिसाने थांबवलं की लगेच सांगावंही लागतं, म्हणजे ओहायोतल्या टोलेडोहून मिशिगनमधल्या डेट्रॉइटला तासाभराच्या ड्राइव्हमध्ये नियम उलटा होतो. या भागात आपली मराठी मंडळीही बरीच आहेत, कोणी गन बाळगत असेल तर दोन्हीकडचे कायदे आधी वाचून ठेवा, आणि स्टेट कुठलंही असो, हात स्टिअरिंगवर ठेवा, पाकीट काढायलासुद्धा आधी विचारा.