नाडी रक्ताच्या पुढे धावते

एका हाताची बोटे मानेवरच्या नाडीवर आणि दुसऱ्या हाताची पायाच्या घोट्याच्या आतल्या बाजूला ठेवून शांत बसले, तर घोट्याचा ठोका मानेच्या ठोक्यापेक्षा किंचित उशिरा लागतो, हे थोड्या सरावाने जाणवते. महाधमनीतले रक्त सेकंदाला सरासरी २० ते २५ सेंटिमीटरच सरकते. सेकंदाच्या लहानशा अंशात ते हृदयापासून घोट्यापर्यंत पोचणे शक्यच नाही. बोटांना लागतो तो रक्ताच्या कितीतरी पुढे धावणारा दाबाचा तरंग.

जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ ओट्टो फ्रांक यांनी १८९९ मध्ये सर्व मोठ्या धमन्यांना मिळून एकच लवचिक टाकी मानले: हृदय ती भरते आणि बारीक वाहिन्यांतून ती हळूहळू रिकामी होते. दोन ठोक्यांच्या मधल्या काळात दाब कसा उतरतो, हे या प्रतिमानातून चांगले कळते. मात्र टाकीत दाब सगळीकडे एकदमच वाढतो, त्यामुळे घोट्याच्या उशिराला तिथे जागाच उरत नाही.

ती जागा मोन्स आणि कोर्टेवेख या डच संशोधकांच्या १८७८ मधल्या, म्हणजे टाकीहूनही जुन्या, सूत्रात आहे. भिंतीचा ताठरपणा आणि जाडी यांच्या गुणाकाराला रक्ताची घनता आणि धमनीचा व्यास यांच्या गुणाकाराने भागून वर्गमूळ काढले की तरंगाचा वेग मिळतो. तरुण महाधमनीसाठी ताठरपणा ४ लाख पास्कल, जाडी व्यासाच्या ७ टक्के आणि घनता दर घनमीटरला १०६० किलो धरली, तर उत्तर सेकंदाला सुमारे ५ मीटर येते. धमनी म्हणजे सरळ, पातळ भिंतीची नळी आणि रक्त चिकटपणा नसलेले, अशी धाडसी गृहीतके करूनही हा आकडा प्रत्यक्ष मोजमापाच्या इतका जवळ जातो, याचे मला अजूनही नवल वाटते.

वयाबरोबर ताठरपणा चौपट झाला, तर वेग दुप्पट होतो. धमन्यांच्या फाट्यांवरून परतणारा तरंग मग हृदय अजून रक्त ढकलत असतानाच माघारी येऊन थडकतो, त्यामुळे महाधमनीतला वरचा दाब आणि हृदयावरचा भार वाढतो. म्हणून मान आणि जांघ येथील ठोक्यांमधला अवधी मोजून वेग काढतात आणि तो सेकंदाला १० मीटरच्या वर गेला, तर महाधमनी ताठरली असे धरतात. सूत्र इथे उलटे चालवलेले असते: वेग हाती असतो, भिंत ओळखायची असते.