तैग्रिसवरच्या उसन्या होड्या

पहिल्या महायुद्धात, ३१ मे १९१५ च्या पहाटे, आजच्या इराकमध्ये तैग्रिस नदीवरच्या कुर्ण्याजवळच्या पुरात, उंच बोरूच्या बेटांमधून शेकडो बेलम सरकत होते. बेलम ही बसऱ्याच्या खाड्यांमधून माणसं आणि भाजीपाला नेणारी लांबट, उथळ होडी. एकेका बेलममध्ये तुर्कांवर चालून निघालेल्या ब्रिटिश-हिंदी फौजेचे दहाएक जवान. आधी काही आठवडे त्यांनी कवायत सोडून बांबूने होडी रेटायचा सराव केला होता. काही बेलमना गोळ्या अडवायला पुढे लोखंडी पत्रे ठोकले होते. त्यांनी होड्या जड झाल्या, बोरूत अडकल्या आणि जवानांना पाण्यात उतरून त्या ढकलाव्या लागल्या. तरीही हल्ला यशस्वी झाला. ३ जूनला मूठभर माणसांनिशी अमारा हाती आलं. फौजेचे सेनापती होते टाउनशेंड, म्हणून इंग्रज अधिकारी या चढाईला गमतीने 'टाउनशेंडची रिगाटा', म्हणजे होड्यांची शर्यत, म्हणू लागले.

गंमत तिथेच संपली. मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, मोहिमेत पुढे जे बिघडलं, त्याचं मूळ याच सोप्या विजयात आहे असं मला वाटतं. लागतील तेवढ्या होड्या इथे बंदरावर मिळतात, मग घरून कशाला आणायच्या, असा समज करून द्यायला अशी एक सकाळ पुरते.

मोहीम मुळात हिंदुस्थान सरकारची. नोव्हेंबर १९१४ मध्ये फाओला फौज उतरली, त्याच महिन्यात बसरा पडलं. पुढे जायची वाट एकच, नदीची. पक्के रस्ते नाहीत, रेल्वे नाही. बसऱ्याहून बगदाद नदीच्या वळणांनी सुमारे ८०० किलोमीटर. वसंतात डोंगरातलं बर्फ वितळलं की दोन्ही काठांवर पाणी पसरायचं, शरदात पात्र इतकं आटायचं की साडेतीन फुटांपेक्षा जास्त पाणी लागणारी बोट रुतलीच म्हणून समजा. त्यात दर पुरानंतर गाळ जागा बदलायचा. गेल्या वर्षीचा नकाशा यंदा कामाचा नाही, म्हणून वाट दाखवायला तिथलाच माणूस हवा.

होड्या पुरवायचं काम होतं रॉयल इंडियन मरीनकडे. मुख्यालय मुंबईच्या गोदीत. नावावरून हे आरमार वाटतं, पण ते लढाऊ दल नव्हतंच. सैन्याची वाहतूक, सर्वेक्षण, बंदरातली कामं एवढंच त्यांचं खातं. खलाशी परंपरेने बरेचसे रत्नागिरी जिल्ह्यातले, त्यात कोकणी मुसलमानांचा भरणा मोठा. सारंगाच्या हाताखाली टंडेल, मग सुकाणी, खलाशी, खाली भट्टीशी आगवाले आणि सर्वांच्या पोटापाण्याला भंडारी, अशी ती उतरंड. समुद्र त्यांच्या ओळखीचा होता. अशा नदीचं काम मात्र वेगळंच.

सुरुवातीला हाताला लागेल ते घेतलं. तैग्रिसवर लिंच ब्रदर्स ही ब्रिटिश कंपनी युद्धाआधीपासून वाफेच्या बोटी चालवत होती. त्यांच्या 'ब्लॉस लिंच', 'मजिदिया' अशा बोटी फौजेकडे आल्या. बाकी सगळी भिस्त माहैलांवर. माहैला म्हणजे पुढून उंच नाळेचं, एकाच मोठ्या तिरप्या शिडाचं अरबी गलबत. आपल्याकडच्या पडावाचा लांबचा भाऊ म्हणा. वारा पडला की चार-सहा माणसं काठावर उतरायची आणि छातीला दोर लावून गलबत प्रवाहाविरुद्ध ओढत न्यायची.

आता खरी मेख. बसऱ्याला समुद्रातल्या जहाजांसाठी धक्का नव्हता. जहाज प्रवाहाच्या मधोमध नांगरायचं आणि माल होड्यांत उतरवायचा. त्या होड्याही माहैलाच! म्हणजे जी गलबतं दाणागोटा घेऊन वर आघाडीकडे जायला हवीत, तीच खाली जहाज रिकामं करायला हवीत. वर पाठवली की बंदरात जहाजं आठवडे न् आठवडे तिष्ठत राहायची. बंदरात ठेवली की आघाडीवर उपासमार. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

१९१५ च्या उन्हाळ्यात सरसेनापती निक्सन यांनी हिंदुस्थानकडे नदीच्या बोटींची मागणी पाठवली, रेल्वेही मागितली. रेल्वे खर्चापायी नाकारली गेली, बोटींची मागणी सिमला आणि लंडनच्या कागदपत्रांत फिरत राहिली. सिमल्यात बसून तैग्रिसवरची लढाई चालवणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. पण निक्सनही निर्दोष नव्हते. बोटी आल्या नसतानाच त्यांनी टाउनशेंडना बगदादच्या दिशेने पुढे धाडलं.

टाउनशेंडच्या हाताखाली होती सहावी म्हणजे पूना डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादजवळ टेसिफोनला ती थडकली, प्रचंड नुकसान सोसून मागे फिरली. हजारो जखमींना नेण्यासाठी रुग्णबोट म्हणावी अशी बोट नव्हती. दाणागोटा आणि जनावरं वाहिलेल्या बोटींच्या, पडावांच्या उघड्या फळ्यांवर त्यांना ओळीने निजवलं. 'मजिदिया' सुमारे ६०० जखमी घेऊन बसऱ्याला पोहोचली तेव्हा मेजर कार्टर नावाचे लष्करी डॉक्टर तिथे नांगरलेल्या रुग्णजहाजावर होते. दुरून त्यांना वाटलं, बोटीच्या दोन्ही अंगांना दोर लोंबताहेत. जवळ आल्यावर कळलं, ती वाळलेली विष्ठा होती. जखमींना कठड्यापर्यंत सरकण्याहून जास्त काही शक्यच नव्हतं. कार्टरनी हे लिहून वर कळवलं, तर उलट त्यांनाच दमात घेतलं गेलं. पुढे चौकशी आयोगापुढे हीच साक्ष आली आणि १९१७ मध्ये अहवाल निघाल्यावर भारतमंत्री ऑस्टेन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला.

टेसिफोनहून मागे फिरलेल्या टाउनशेंडच्या फौजेला तुर्कांनी तैग्रिसकाठच्या कूत गावात वेढलं होतं. हा वेढा २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीने संपला. सुमारे १३ हजार लोक कैद झाले. सुटकेची फौज काही अंतरावर अडकली होती. बसऱ्यात कुमक उतरत होती, पण तिला वर न्यायला बोटी नव्हत्या. शेवटचा प्रयत्नही बोटीचाच. २४ एप्रिलच्या रात्री 'जुलनार' ही लिंच कंपनीची बोट २७० टन अन्न घेऊन निघाली, तुर्कांनी नदीत आडव्या ताणलेल्या तारेत अडकली आणि पकडली गेली. तिची वाट दाखवणारे काउली हे कंपनीचेच, वर्षानुवर्षं ही नदी कोळून प्यालेले कप्तान. तुर्कांच्या ताब्यात गेल्यावर ते मारले गेले.

त्यानंतर मात्र सरकार खडबडून जागं झालं. गंगा, ब्रह्मपुत्रा, सिंधू, इरावती इथल्या उथळ तळाच्या बोटी मागवल्या गेल्या. नदीची बोट समुद्रात घालणं म्हणजे परातीत बसून खाडी ओलांडणं. १९१६ च्या पावसाळ्यात अशा कितीतरी बोटी अरबी समुद्रात दोराने ओढत नेताना बुडाल्या. ज्या पोहोचल्या, त्यांच्यासोबत बंगालचे नदीवरचे सारंग आणि खलाशी आले. वाळूत रुतलेली बोट हलवायची कशी, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. सप्टेंबर १९१६ मध्ये नदीची वाहतूक रॉयल इंडियन मरीनकडून काढून नव्या अंतर्गत जलवाहतूक खात्याकडे दिली. मजूर आणि कारागीर हिंदुस्थानबरोबरच आफ्रिका, चीन, वेस्ट इंडिजमधूनही आणले, आपल्याकडच्या तुरुंगांतले कैदीसुद्धा शिक्षेत सवलत कबूल करून हमालीला नेले. बसऱ्याच्या वर मगिलला धक्के बांधले, तेव्हा कुठे जहाजं काठाला लागू लागली. मार्च १९१७ मध्ये बगदाद पडलं.

माहैलावाल्यांची, बेलमवाल्यांची नावं कुठे नाहीत. समुद्रात गेलेल्या हिंदी खलाशांची आहेत: मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममधल्या स्मारकात पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून अधिक जणांची नोंद आहे. मेसोपोटेमियात मेलेल्यांचं बसरा स्मारक मोठं, ४० हजारांवर. ब्रिटिश सैनिकांची नावं त्यावर कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही. हिंदी शिपायांचा मात्र पलटणीवार नुसता आकडा. हे स्मारक आधी मगिललाच होतं, गोदीच्या मुख्य धक्क्यावर. १९९७ साली सद्दाम हुसेनच्या हुकमाने ते उचलून नासिरियाच्या रस्त्याला वाळवंटात नेऊन उभं केलं.