पाणी पंचायत

पाणी पंचायत : सिंचनाच्या पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, तर घरातील माणसांच्या संख्येवर ठरवणारी, गावकऱ्यांनीच चालवायची व्यवस्था. १९७२ च्या दुष्काळानंतर पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यात ती आकाराला आली.

तिचे प्रवर्तक विलासराव साळुंखे हे पुण्यातले अभियंते आणि कारखानदार. दुष्काळी कामावर खडी फोडून पोट भरते, पण पाऊस पुन्हा हुकला की माणूस पुन्हा त्याच खडीवर येतो, हे त्यांना अस्वस्थ करत होते. नायगाव येथे देवस्थानची सुमारे ४० एकर माळजमीन खंडाने घेऊन त्यांनी बांधबंदिस्ती केली, ओघळ अडवले, तळे आणि विहीर केली. माळावर पिके उभी राहिली. पुढे ग्राम गौरव प्रतिष्ठानमार्फत आसपासच्या गावांत सामुदायिक उपसा योजना, म्हणजे पंपाने पाणी उचलून रानात पोचवणाऱ्या योजना, उभ्या राहिल्या.

पाण्याचा हक्क माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढा. म्हणजे पाच माणसांच्या घरी जमीन पाच एकर असो की पंचवीस, पाणी अडीच एकरांचेच. भूमिहीनांनाही वाटा, ते दुसऱ्याचे रान वाट्याने करून त्यावर आपले पाणी वापरू शकत. जमीन विकली तरी पाणी खरेदीदाराकडे जात नाही. ऊस वर्ज्य, कारण एका एकर उसाच्या पाण्यावर ज्वारी-बाजरीचे कितीतरी एकर निघतात. खर्चाचा २० टक्के भाग लाभधारकांनी आधी भरायचा. पाळी लावायला गटानेच नेमलेला पाटकरी. त्यामुळे कोणाच्या रानाकडचे पाण्याचे दार किती वेळ उघडे राहिले, याचा जाब गावातच विचारला जाई.

यातला भूमिहीनांचा हक्क हा सर्वांत धाडसी भाग होय. पाणी सगळ्यांचे असे म्हणणारे पुष्कळ असतात; ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याला मोजून पाणी देणारे फार थोडे.

अडचणीही खऱ्या होत्या. उपसा योजनेला वीजबिल चुकत नाही, आणि जवळ कालव्याचे पाणी आले की उसाची ओढ आवरणे कठीण जाते. ओडिशाने २००२ मध्ये पाणी पंचायत याच नावाचा कायदा केला. त्यात सभासदत्व मात्र लाभक्षेत्रातील जमीनधारकांना आहे.