तलावात सेन्सर बसवण्यासाठी छोटा निधी: अर्ज कुठे अडतो आणि कोणते कागद लागतात

कोल्हापूरच्या रंकाळा, कळंबा, राजाराम किंवा कोटितीर्थ तलावात पाण्याची गुणवत्ता सतत मोजणारं यंत्र बसवायचं, त्याच्या नोंदी सगळ्यांना खुल्या करायच्या आणि त्यासाठी एखाद्या कंपनीच्या सीएसआरमधून (समाजकार्यासाठी ठेवलेल्या निधीतून) किंवा परदेशी फाउंडेशनकडून छोटा निधी मागायचा, अशा तयारीतल्या संस्थांसाठी ही माहिती आहे. सेन्सर चुकीचा निवडला म्हणून परत आलेले अर्ज कमी. बहुतेक अडतात ते परिशिष्ट एक (विश्वस्तांच्या नावांचा सरकारी उतारा), तलावाची परवानगी आणि खर्चाचा तक्ता या तीन ठिकाणी.

पैसा देशातला की बाहेरचा?

हे आधी ठरवा, कारण पुढचे सगळे कागद त्यावर अवलंबून आहेत. कंपनीचा सीएसआर निधी हवा असेल तर बारा-ए (संस्थेला आयकरातून सूट), ऐंशी-जी (देणगीदाराला करसवलत) आणि सीएसआर-१ (कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची नोंदणी) हा नोंदणी क्रमांक लागतो. सीएसआर-१ क्रमांक १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचा आहे. शिवाय 'तशाच प्रकारच्या' कामाचा किमान ३ वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. इथे वृक्षारोपणाचे फोटो जोडू नका. पाण्याचे नमुने, तपासणीचे अहवाल, तलावावर केलेल्या नोंदींच्या वह्या जोडा. बारा-ए आणि ऐंशी-जी तात्पुरतं असेल तर त्याची मुदत ३ वर्षांचीच असते. प्रमाणपत्रावरचं शेवटचं वर्ष आजच बघून ठेवा.

परदेशी निधीला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी नियमन कायद्याखालचा परवाना, लागतो. नियमित नोंदणीसाठी संस्था ३ वर्षं जुनी हवी आणि त्या काळात मुख्य कामावर १५ लाख रुपये खर्च झालेला हवा. 'आमच्या ओळखीच्या संस्थेकडे एफसीआरए आहे, तिच्या खात्यावर घेऊ आणि नंतर आमच्याकडे वळवू' हा मार्ग २०२० च्या दुरुस्तीने बंद झाला आहे. परवाना असलेल्या संस्थेलाही तो पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. अजूनही कितीतरी मंडळी याच भरवशावर अर्ज भरतात आणि मंजुरीनंतर अडकतात. परवाना नसेल तर ज्या संस्थेकडे तो आहे तिलाच मुख्य अर्जदार करा. यंत्रखरेदी आणि खर्च तिच्याच खात्यातून, तिच्याच नावावर होऊ द्या.

परिशिष्ट एक

धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीतला हा उतारा. त्यावर आजच्या विश्वस्तांची नावं असायला हवीत. प्रत्यक्षात उताऱ्यावर दहा वर्षांपूर्वीचं मंडळ असतं, त्यातले एकदोघं हयात नसतात आणि ठरावावर सही असते नव्या अध्यक्षांची. तपासणाऱ्याच्या दृष्टीने ती सही अनोळखी माणसाची. बदल झाल्यापासून ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा, असं कायदा सांगतो. दिला नसेल तर निधीची जाहिरात येण्याची वाट बघू नका, विलंब माफीच्या विनंतीसह आत्ताच द्या. हेलपाटे पडतील, सुनावणीची तारीख पुढे जाईल, तरी याला पर्याय नाही. संस्थेचं नाव पॅन कार्ड, बँक पासबुक आणि नोंदणी प्रमाणपत्रावर अक्षर न् अक्षर सारखं आहे ना, तेही याच वेळी बघा. 'कोल्हापूर' एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, एवढ्यावरही अर्ज परत येतो.

तलाव कुणाचा?

शहरातल्या तलावाची मिळकत पत्रिका काढा, हद्दीबाहेरच्याचा सातबारा. मालकी महापालिकेची, ग्रामपंचायतीची की पाटबंधाऱ्याची, हे त्यावरूनच कळतं. रंकाळ्यासाठी महापालिकेकडे जायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण तलाव एका गावच्या हद्दीत आणि पाणी दुसऱ्याच यंत्रणेच्या ताब्यात असेल तर दोन्हीकडची पत्रं घ्या.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे आपल्याच अर्जावरचा आवक शिक्का परवानगी म्हणून जोडणे. शिक्का म्हणजे कागद पोचला, एवढंच. परवानगीपत्रात यंत्राची जागा, खोली, कालावधी, देखभाल कोण करणार आणि नोंदी जाहीर करायला हरकत नाही, ही पाच वाक्यं हवीत. शेवटचं वाक्य विसरलं तर वर्षभर मोजलेलं पाणी कुणाला दाखवता येणार नाही. साहेबांकडे मसुदा टाईप करूनच न्या. कोरी विनंती टेबलावर पडून राहते, तयार मसुद्यावर सही लवकर होते. किमान दोन-तीन महिने हातात ठेवा.

यंत्र आणि खर्च

'सेन्सर बीओडी मोजेल' असं लिहू नका. बीओडी म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन. त्याची चाचणी प्रयोगशाळेत २७ अंशांना ३ दिवस ठेवून होते, सेन्सर फार तर अंदाज देतो. यंत्राने तापमान, पीएच, विद्युतवाहकता आणि विरघळलेला ऑक्सिजन मोजा, बीओडीसाठी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं मंडळ) मान्यतेच्या प्रयोगशाळेत नमुने पाठवा आणि तो खर्च तक्त्यात दाखवा.

ऑक्सिजनबाबत एक स्थानिक मुद्दा. समुद्रसपाटीला २५ अंशांच्या पाण्यात हवेशी समतोल साधल्यावर लिटरला सुमारे ८.२६ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. कोल्हापूर साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर असल्यामुळे इथे तो ७.७ च्या आसपास भरतो. ही दुरुस्ती न करता कॅलिब्रेशन केलं, म्हणजे यंत्र प्रमाण मापाशी जुळवलं, तर सगळ्या नोंदी जास्त दिसतात. शेवाळ आणि केंदाळ असलेल्या तलावात ऑक्सिजन पहाटे सगळ्यात कमी असतो आणि दुपारी वाढतो, त्यामुळे रोज सकाळी अकराची एक नोंद फसवी ठरते. दर १५ मिनिटांनी, म्हणजे दिवसाला ९६ नोंदी, असं लिहा.

खर्चात यंत्राची किंमत असते, देखभाल नसते. इथेच बऱ्याच जणांचे गुण जातात. पाण्यातल्या प्रोबवर (सेन्सरच्या मोजणाऱ्या टोकावर) आठवड्याभरात शेवाळाचा थर चढायला लागतो आणि आकडे सरकतात. म्हणून आठवड्याला सफाईचा माणूस, पीएचची ४, ७ आणि १० ची बफर द्रावणं, वाहकतेचं १४१३ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटरचं प्रमाण द्रावण, ऑक्सिजन सेन्सरची बदलायची टोपी, पीएच प्रोबची एक राखीव जोडी, सिमचं रिचार्ज आणि पावसाळ्यात तलाव भरून वाहतो तेव्हा तरंगता सांगाडा धरून ठेवणारा नांगर, हे सगळं मांडा. तीन दरपत्रकं घ्या आणि जीएसटी धरूनच रक्कम लिहा. नाहीतर तेवढी रक्कम संस्थेच्या खिशातून जाते.

माहितीचा आराखडा अर्ध्या पानात बसतो: कच्च्या नोंदी सीएसव्हीमध्ये (साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये), वेळ भारतीय प्रमाणवेळेत आणि तसं स्पष्ट लिहिलेली, कॅलिब्रेशनची वही सोबत. ठिकाण दशांशात द्या, आधी अक्षांश. रंकाळा १६.६९, ७४.२१ च्या आसपास आहे. आकडे उलटे पडले तर नकाशावर बिंदू नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात दिसतो.

तारीख

परदेशी अर्जात ०५/०८ म्हणजे ५ ऑगस्ट की ८ मे, हे महिन्याच्या नावावरून खात्री करून घ्या. वेळ युटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) दिली असेल तर त्यात साडेपाच तास मिळवा: तिथले दुपारचे बारा म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच. 'प्राथमिक आशयपत्र' आणि 'पूर्ण प्रस्ताव' अशा दोन तारखा असतील तर पहिली चुकल्यावर बहुधा दुसरीला प्रवेशच मिळत नाही. आणि करारावर सही होण्याआधी यंत्र विकत घेऊ नका. त्या तारखेच्या आधीचं बिल बहुतेक निधीत धरलं जात नाही.