तलवारीचं वजन आणि विळ्याची ओढ

खंडेनवमीला आमच्या गल्लीत एका घरी कोयता, विळा, कुऱ्हाड यांच्या रांगेत एक जुनी तलवारही पुजली जाते. घरातले आजोबा दरवर्षी सांगायचे, "दहा किलोची हाय ही. तवाचे गडीच तसले व्हते." मागं एकदा नातवानं ती गुपचूप किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवली. भरली 1 किलो 150 ग्रॅम. आजोबांनी काटाच बिघडलाय असं जाहीर केलं आणि आरती सुरू झाली.

काटा बरोबर होता. एका हातानं चालवायच्या बहुतेक जुन्या तलवारी एक किलोच्या आसपास, फार तर दीड किलोपर्यंत भरतात. मग ती युरोपातली असो की दख्खनेतली. कारण साधं आहे. शस्त्राचं वजन दुप्पट केलं तर त्याच वेगाला घावातली ऊर्जा दुप्पट होते, पण वेग दुप्पट केला तर ती चौपट होते. शिवाय घाव चुकला तर तलवार परत आणायचीय, तीही समोरच्याच्या आधी. दहा किलोची तलवार घेऊन उतरलेला गडी पहिला घाव घालील, दुसरा मात्र खाईल.

वजन किती यापेक्षा ते कुठं आहे हे महत्त्वाचं. कुऱ्हाडीचं सगळं वजन टोकाला असतं, म्हणून ती लाकडात शिरते, पण अर्ध्यावर थांबवून दुसरीकडे वळवता येत नाही. जुना खंडा थोडा त्याच वळणाचा: सरळ पातं, टोकाकडे रुंद होत गेलेलं. तलवारीत मूठ जड असते, त्यामुळं पातं हाताला हलकं वाटतं. क्रिकेट खेळलेल्यांना आणखी एक गोष्ट लगेच पटेल. चेंडू बॅटच्या एका ठरावीक जागी लागला की हाताला काहीच जाणवत नाही, खाली-वर लागला की झिणझिण्या येतात. पात्यावरही अशी जागा असते, साधारण टोकाकडच्या तिसऱ्या भागात. घाव तिथं बसला की ताकद समोरच्याला मिळते, आपल्या मनगटाला नाही.

आपल्याकडे कितीतरी गावांत वेशीजवळ किंवा मारुतीच्या पाराशी वीरगळ उभे असतात. खालच्या चौकटीत वीर पडलेला, शेजारी बहुधा गुरं, कारण गोधन वाचवतानाच तो गेलेला. वर अप्सरा त्याला नेतात, त्याच्याही वर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. शेंदराचे थर चढले नसतील तर वीराच्या हातातलं पातं नीट बघा. यादवकाळातल्या वीरगळांवर ते बहुधा सरळ दिसतं. 1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला. त्यानंतरच्या शतकांत घोडेस्वारांच्या फौजांबरोबर वाकडं पातं दख्खनेत रुळत गेलं.

वाकडंच का? उत्तर घरातल्या विळीवर आहे. टोमॅटो पात्यावर नुसता दाबला तर पिचकतो, जरा सरकवला तर फोड पडते. कडवळ कापायला मी पहिल्यांदा बसलो तेव्हा विळा नुसता हाणत होतो. मामा म्हणाले, "हाणू नको रं, वढ." त्या एका शब्दात बरीच भूमिती होती. धारेचा कोन समजा 30 अंशांचा आहे. पातं सरळ न घुसता 60 अंशांनी तिरपं सरकत गेलं, तर कापल्या जाणाऱ्या वस्तूला तो कोन जेमतेम 15 अंशांचा भासतो. बालाघाटाचा चढ रस्ता वळणावळणानं सोपा करतो, तसंच हे. वाकड्या पात्यात हे सरकणं आपोआप होतं. धावत्या घोड्यावरून घाव घालताना तर पातं अडकून न बसता निसटून बाहेर येणं ही जिवाचीच गोष्ट.

तलवारीच्या मुठीला मागं एक तबकडी असते. अनेकांना ती शोभेची वाटते. ती मनगट फार वाकू देत नाही, म्हणून घाव कोपर आणि खांद्यातून, आख्ख्या अंगाच्या वळणानं येतो. पुन्हा ओढच!

इतकं पातळ पातं टिकायला पोलादही तसंच लागतं. नांदेडच्या पलीकडे, निजामाबाद भागातलं कोनासमुद्रम त्यासाठी नावाजलेलं होतं. तिथं लोखंड मातीच्या मुशीत बंद करून तापवत. अशा मुशीच्या पोलादात कार्बन साधारण दीड टक्क्यापर्यंत असतो. आजच्या साध्या बांधकामाच्या लोखंडात तो पाव टक्क्याच्या आसपास.

पण समोरचा चिलखत घालून आला की ओढ संपली. कड्यांचं चिलखत घाव अनेक कड्यांवर वाटून देतं, धार आत जात नाही. तिथं गुर्ज, म्हणजे लोखंडी गदा, चालतो. तो कापत नाही, पण त्याचा दणका कड्यांमधून आत पोचतो आणि हाड मोडतं. नाहीतर कट्यार. तिची मूठ पात्याला आडवी असते, त्यामुळं पातं मुठीतून सरळ पुढं येतं आणि ठोसा मारल्यासारखा जोर थेट हाताच्या रेषेत जातो. अनेक कट्यारींचं टोक मुद्दाम जाड ठेवलेलं असतं, एकेक कडी फोडायला. दांडपट्टा हा कट्यारीचाच लांब भाऊ म्हणावा. मूठ तशीच आडवी, पण वर लोखंडी हातमोजा. मनगट जवळजवळ बांधलेलंच, म्हणून पट्टेकऱ्याचा सगळा खेळ खांद्यातून आणि गिरक्यांतून चालतो.

यातलं कोणतं शस्त्र श्रेष्ठ, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. त्यांना मी दौलताबादच्या अंधारीत न्यायचं म्हणतो. खंदक ओलांडला की खडकात कोरलेला तो चढता, वळणाचा बोगदा लागतो. दिवसाही आत हाताला हात दिसत नाही. मी तिथं एकदा दिवा बंद करून तलवार फिरवायला लागेल तेवढा हात फिरवून पाहिला. पहिल्याच फेऱ्यात बोटांची सालटी दगडाला राहिली. कट्यारीला मात्र एका ठोशाएवढीच जागा लागते.